दीड वर्ष झालं, 'देवाची वेळ' अजून येतेच आहे... थांबायचं म्हणजे नक्की करायचं काय?

वाट_बघणारी

नमस्कार. वर्षभर नुसती वाचत होते इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

वय 36. दीड वर्षापूर्वी आमचं अख्खं डिपार्टमेंट बंद झालं, दुपारी मीटिंगला बोलावलं आणि संध्याकाळी लॅपटॉप जमा. अकाउंट्समध्ये होते मी, अकरा वर्षं. मग चार महिन्यांनी ठरलेलं लग्न मोडलं, आता त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता की नव्हता ते जाऊ दे, त्यावर खूप रात्री घालवून झाल्यात. तेव्हा मला मनापासून वाटलं होतं की देव पाटी पुसतोय म्हणजे आता काहीतरी नवीन लिहिणार. पाटी पुसली खरी. खडू घेऊन मात्र कोणी आलं नाही.

तीनदा फायनल राउंडपर्यंत गेले. तिसऱ्या वेळी तर "सोमवारी ऑफर लेटर पाठवतो" असं फोनवर सांगितलं होतं, तो सोमवार अजून यायचाय. इंटरव्ह्यूचा ड्रेस इस्त्री करून दाराच्या मागे हँगरला लावून ठेवते मी, परवा काढला तर दोन्ही खांद्यांवर धुळीची रेघ. नकाराच्या मेलने रडले नव्हते तेवढी त्या धुळीने रडले.

माझी प्रार्थनेची वही आहे. डावीकडे तारीख आणि मागणं, उजवीकडे उत्तर. उजव्या बाजूला दीड वर्षात चार टिक आहेत आणि चारही दुसऱ्यांसाठी मागितलेल्या गोष्टींच्या. (लिहिताना हसू येतंय, पण खरंय.)

आता मुद्द्यावर येते. बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन मला आत्तापर्यंत किती जणांनी पाठवलंय त्याचा हिशोब नाही, फुलांवर, सूर्योदयावर, डोंगरावर. माझ्याविषयी देवाच्या मनात चांगल्या योजना आहेत, कबूल, पण मी आत्ता, म्हणजे आज दुपारी, करायचं काय? चर्चमधल्या एक बाई म्हणतात की एवढ्या ठिकाणी अर्ज करतेस म्हणजे देवावर भरवसा नाही, शांत राहा. दुसरे म्हणतात काहीतरी पाप अडलं असेल, शोध. आणि एक मैत्रीण म्हणतेय, नोकरीचा नाद सोड, आपण दोघी मिळून छोट्या दुकानदारांची हिशोबाची कामं घेऊ या. मला ते आवडतंय पण भीती वाटते की हे माझं 'हागार' तर नाही ना? म्हणजे देवाने कबूल केलेल्या मुलाची वाट न बघता अब्राहाम आणि त्याच्या बायकोने दासी हागारकडून मूल करून घेतलं, तसं देवाने दिलं नाही म्हणून आपणच काहीतरी जुळवून टाकलं असं?

उपदेश कमी दिलात तरी चालेल. अनुभव असेल तर सांगा.

स्पष्ट_बोलतो

अर्ज करत राहा. देव ऑफर लेटर देईलही, पण बायोडेटा तो टाइप करून देणार नाही. आणि त्या पापवाल्यांना इयोबाचं पुस्तक वाचायला द्या, त्याच्यावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही हेच बोलत होते आणि शेवटी देव रागावला तो मित्रांवर, इयोबावर नाही. एवढंच.

जुना_शिक्षक

मुली, मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं आणि तेवढीच वर्षं रविवारी मुलांचा बायबलचा वर्ग घेतला, त्यामुळे मास्तरकी अंगात आहे, माफ कर आणि वाच.

ते अकरावं वचन ज्या पत्रात आहे ते पत्र कोणाला लिहिलंय बघ. बाबेलला धरून नेलेल्या यहूदी लोकांना. घर गेलं, मंदिर लांब, भाषा परकी. आणि तेव्हा लोकांच्या कानावर काय पडत होतं ते आदल्या अध्यायात आहे, 28व्या. हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येणार, आणि बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून संदेष्टा यिर्मयाने मानेवर घेतलेलं लाकडी जू ओढून मोडून टाकतो. नुसता टाळ्यांचा कडकडाट झाला असेल बघ. दोन वर्षं कोणीही कळ काढतो. मग यिर्मयाचं पत्र येतं आणि त्यात आकडा असतो 70. कुठल्या वचनात? दहाव्या. म्हणजे तुला जे फुलांवर छापून येतं त्याच्या बरोब्बर वरच्या ओळीत. ती ओळ फुलांवर कोणी छापत नाही. 70 म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांतले कितीतरी जण परतीची वाट कधीच बघू शकणार नव्हते, आणि तरीही योजना चांगल्या आहेत हे त्यांनाच सांगितलंय.

आता 'आज दुपारी काय करू' याचं उत्तर पाचव्या वचनापासून आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. बागा लावा आणि त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलंबाळं होऊ द्या, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. फळझाड लावून त्याचं फळ खायला किती वर्षं जातात याचा विचार कर. सुटकेस भरून दाराशी बसून राहा असं देवाने कुठेही म्हटलेलं नाही. तुझा तो दारामागचा ड्रेस मला ती भरलेली सुटकेस वाटला, खरं सांगतो, राग नको मानूस.

वाट_बघणारी

काका राग नाही आला, पण दोन मिनिटं फोन खाली ठेवला. दहावं वचन मी शंभरदा वाचलं असेन, कधी अडखळले नाही तिथे.

पण मग 70 वर्षं असू शकतात हे मान्य केलं तर 'नवीन सुरुवात' कशाला म्हणायचं? मला 70 नाही परवडत हो.

रात्रपाळी

मी आयसीयूत नर्स आहे, बारा वर्षं झाली, त्यातली निम्मी रात्रीच्या ड्यूटीत गेली. स्तोत्र 130 मध्ये आहे ना की पहारेकरी पहाटेची वाट बघतात त्याहून जास्त माझा जीव प्रभूची वाट बघतो, आणि ते वाक्य लगेच पुन्हा येतं, तसंच्या तसं. मला आधी वाटायचं काव्य म्हणून दोनदा लिहिलं असेल. रात्रपाळी केल्यावर कळलं की ते दोनदा का आहे. तीन ते पाच हा वेळ जातच नाही. घड्याळात 3:20 बघायचं, सगळ्या बेडवरून फिरून यायचं, बीपी, पल्स, ऑक्सिजन, युरिन बॅग किती भरली ते लिहायचं, सलाइनचा थेंब बघायचा, वाटतं तास गेला, घड्याळ म्हणतं 3:35.

तर मला जे समजलंय ते एवढंच की पहारेकरी सूर्य ओढून वर आणत नाही, पण झोपतही नाही. त्याची वाट बघणं म्हणजे फेरी मारणं. सकाळ होणार की नाही यावर कोणी नर्स रात्री साडेतीनला वाद घालत बसत नाही, ती होते, आपल्याला फक्त तोपर्यंतचा चार्ट भरायचा असतो. आणि चार्टवर 'सुधारणा नाही' असं लिहायचीसुद्धा एक जागा असते हां. ती रिकामी सोडायची नसते. तुमच्या वहीत उजवीकडे रिकामं सोडण्याऐवजी 'आज काही नाही' असं लिहून बघा, तारखेसकट. मी आईच्या आजारपणात केलं होतं. विचित्र वाटेल, पण देवाला तोंडावर सांगितल्यासारखं होतं, स्तोत्र 13 सारखं, "किती काळ" असं चार वेळा विचारलंय तिथे, दोन वचनांत चार वेळा!

बाहेर_उभा

मी विश्वास सोडलेला माणूस आहे, पण हा विषय दिसला की हात शिवशिवतात. तुमच्या सगळ्यांचं मला एकच कळत नाही. मिळालं तर 'देवाची वेळ', नाही मिळालं तर 'देवाची इच्छा', उशिरा मिळालं तर 'देव घडवत होता'. दोन्हीकडे छापा असलेलं नाणं आहे हे. माझ्या भावासाठी अख्ख्या मंडळीने उपास धरले होते, सात महिने. तो गेला. नंतर मला सांगायला आले की देवाची योजना मोठी असते. मी त्या दिवसापासून आत पाऊल टाकलेलं नाही.

ताई तुम्हाला दुखवायचं नाहीये, पण वाट बघण्याला पवित्र बनवू नका. कधीकधी ती नुसतीच वाट असते.

रात्रपाळी

दादा तुमच्याशी वाद घालणार नाही. भाऊ गेल्यावर "योजना" हा शब्द तोंडावर फेकणारी माणसं मी वॉर्डाच्या बाहेर रोज बघते आणि मलाही त्यांना खुर्चीवर बसवून गप्प करावंसं वाटतं.

फक्त एक. आपला मित्र लाजर आजारी आहे कळल्यावर येशू जिथे होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला, योहान 11. पोचला तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. लाजरची बहीण मार्था येऊन म्हणते, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून दुसरी बहीण मरीया येते आणि तेच वाक्य, जवळजवळ शब्दाला शब्द. दोघींनी घरात बसून चार दिवस तेच बोललं असणार. तुमचं वाक्य त्या अध्यायात दोनदा आहे, आणि येशू त्यावर रागावला नाही, योजना समजावत बसला नाही, रडला. मला यातून काही सिद्ध करायचं नाहीये.

बाहेर_उभा

हम्म. लाजर परत उठला पण. माझा नाही उठला.

रात्रपाळी

हो. नाही उठला.

जुना_शिक्षक

स्तोत्र 88 वाचा सवडीने, बाहेर_उभा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत तक्रार, आणि शेवट अंधारात, वर चढणारी एक ओळ नाही. ज्यांनी पुस्तक जमवलं त्यांनी ते गाळलं नाही, याचं मला वर्षानुवर्षं बरं वाटत आलंय. जास्त काही बोलत नाही.

दोन_पानं

हागारचा मुद्दा कोणी घेतलाच नाही म्हणून मी घेते, कारण हा शब्द मलाही फेकून मारलेला आहे.

मला मूल नाही. सोळा वर्षं वाट बघितली. उपचार घेतले तेव्हा एका जवळच्या व्यक्तीने हेच विचारलं होतं, की तू हागार तर करत नाहीयेस ना. मी त्या रात्री घरी येऊन उत्पत्ती 16 नीट वाचलं, रागारागाने. अब्राहामाने घर सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा, इश्माएल झाला तेव्हा 86, इसहाक झाला तेव्हा 100. 16वा अध्याय 86वर संपतो आणि 17वा 99वर सुरू होतो. मधली 13 वर्षं बायबलमध्ये एक ओळ नाही! दोन अध्यायांच्या मधली कोरी जागा, ताई, तुमच्या वहीच्या उजव्या बाजूसारखी.

आणि त्यांची चूक काय होती हेही बघा. काहीतरी केलं ही चूक नव्हे हो. एका दासीला, जिला कोणी विचारलंही नाही, तिला वापरलं आणि मग तिचाच छळ केला इतका की ती पोटुशी असताना रानात पळून गेली. आपल्या घाईची किंमत दुसऱ्या बाईने भरायची, ते 'हागार'. तुम्ही आणि तुमची मैत्रीण दुकानदारांचे हिशोब लिहिणार, त्यात कोण रानात पळतंय? कोणाला न विचारता वापरताय का? नाही ना? मग तो शब्द सोडून द्या.

आणि गंमत म्हणजे (गंमत नाही खरं तर) त्या अख्ख्या प्रकरणात देव जाऊन भेटतो हागारला, झऱ्याजवळ. तिला नावाने हाक मारतो, जे त्या घरात तिच्याशी बोलताना कोणी केलेलं दिसत नाही, आणि विचारतो कुठून आलीस, कुठे चाललीस. ती देवाला नाव ठेवते, मला पाहणारा देव. जिची वाट चुकवलेली होती तिला पहिल्यांदा दिसला तो.

माझं काय झालं विचाराल तर मूल झालं नाही, आता होणारही नाही. दत्तक घेतलं असं सांगून गोष्ट गोड करता आली असती पण तसंही नाही झालं. पण शमुवेलच्या आईची, हन्नाची गोष्ट मी वेगळ्या ठिकाणी थांबून वाचायला लागले. सगळे शेवटी जातात, मुलगा झाला. मी 1 शमुवेलच्या पहिल्या अध्यायाच्या 18व्या वचनावर थांबते. ती मंदिरात ओठ हलवत रडत प्रार्थना करते, एली याजकाला वाटतं प्यायलीये, मग ती उठते, जाऊन जेवते, आणि तिचा चेहरा पुन्हा उतरलेला राहत नाही. पोटात तेव्हा काहीच नाहीये. कुठलं चिन्ह नाही, तारीख नाही. फक्त जेवली. वर्षानुवर्षं यज्ञाच्या त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता आणि आज उतरला. माझी नवी सुरुवात एवढीच झाली, एका मंगळवारी मला भूक लागली. तेव्हा मी त्याला नवी सुरुवात म्हटलं नव्हतं.

स्पष्ट_बोलतो

@दोन_पानं मी सहसा इथे फक्त टोमणे मारतो पण हे दोनदा वाचलं.

ताई, हिशोबाचं काम सुरू करा पण भागीदारीचा कागद पहिल्या दिवशी करा, मैत्रीण असो वा बहीण. कोणाचे किती पैसे, काम बंद करायचं झालं तर कसं, गिऱ्हाईक कोणाचं. विश्वास आहे म्हणूनच कागद करायचा. आणि नोकरीचे अर्ज बंद करू नका, आठवड्याचे दोन दिवस ठरवून टाका, बाकी दिवस मेल उघडून बघायचा नाही.

जुना_शिक्षक

कागदावरून आठवलं, आणि मग गप्प बसतो.

यिर्मया 32. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा, शहर पडणार हे नक्की, आणि ते पडणार असं बोलला म्हणून यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कोंडलेला. अशा वेळी चुलतभाऊ येऊन म्हणतो अनाथोथ गावचं माझं शेत विकत घे. तो घेतो. 17 शेकेल चांदी तराजूत तोलून देतो, साक्षीदार बसवतो, खरेदीखताच्या दोन प्रती, एक मोहोरबंद, एक उघडी, आणि त्या मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. सगळं असं बारीक लिहिलंय, एखाद्या कारकुनाने लिहावं तसं. आणि मला सगळ्यात आवडतं ते त्यानंतरचं. कागद झाल्यावर तो प्रार्थना करतो आणि देवाला जवळपास विचारतोच, की शहर तर शत्रूच्या हातात चाललंय आणि तू मला म्हणतोस शेत घे? म्हणजे शंका गेली नव्हती. व्यवहार आधी झाला, शंका नंतर बोलून दाखवली. वर्गात मुलांना विचारायचो, ते शेत यिर्मयाने कधी नांगरलं? कोणालाच सापडायचं नाही, कारण लिहिलेलंच नाही.

स्पष्ट_बोलतो यांचं बरोबर आहे. कागद करा.

वाट_बघणारी

सगळ्यांना एकत्रच लिहिते, प्रत्येकाला वेगळं लिहायला बसले तर पुन्हा रडेन.

दोन_पानं ताई, तुमचं वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्याच जेवले. भूक होती की नाही माहीत नाही, पण जेवले.

बाहेर_उभा दादा, तुम्ही लिहिलंत ते मला लागलं नाही, उलट जरा हलकं वाटलं की कोणीतरी बोललं. "नुसतीच वाट" असू शकते हे मी वहीत लिहून ठेवलंय, डावीकडे की उजवीकडे ते कळेना म्हणून मधल्या रेघेवर.

ड्रेस कपाटात ठेवला. धूळ झटकून, घडी करून. काल आणि आज उजवीकडे 'आज काही नाही' लिहिलं, आणि रात्रपाळी ताई, दुसऱ्यांदा लिहिताना हात थोडा कमी जड होता, यापेक्षा मोठं काही सांगता येणार नाही. मैत्रिणीला फोन केला. कागद करायचा म्हटल्यावर ती आधी हिरमुसली, मग म्हणाली बरं. पहिलं काम एका पुस्तकांच्या दुकानाचं असेल, तीन वर्षांच्या पावत्या पोत्यात भरून ठेवल्यात त्यांनी, अक्षरशः पोतं. अर्जही चालू आहेत, मंगळवार आणि शुक्रवार.

गुरुवारी सकाळी अकराला एक इंटरव्ह्यू आहे. फायनल राउंड. मला यावेळी काही वाटत नाहीये, भीतीही नाही, आशाही नाही, आणि हे बरं की वाईट तेही कळत नाही. कोणाला जमलं तर तेव्हा आठवण ठेवा.

रात्रपाळी

गुरुवारी मी ड्यूटी संपवून आठला झोपते. अकराचा अलार्म लावलाय.

जुना_शिक्षक

मी जागाच असतो. लक्षात आहे.

बाहेर_उभा

मी प्रार्थना करत नाही. पण अकरा वाजता घड्याळ बघेन. पोत्यातल्या पावत्या आधी वर्षावार लावा, मग महिन्यावार, थेट महिन्यावार लावायला बसलात तर वेड लागेल. माझा भाऊ अकाउंटंट होता.